इरावती म्हणजे वीज नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘मुलींसाठी आगळीवेगळी नावे’ अशी एक चौकट होती. नाव, त्यापुढे एका शब्दात अर्थ, त्यापुढे मूळ. त्यात माझेही नाव निघाले: ‘इरावती – वीज, मूळ ब्रह्मदेशी, सध्या ट्रेंडमध्ये.’ तीन विधाने, आणि तिन्ही चुकीची. एरवी अशा चौकटी मी वाचून सोडून देते. पण हे नाव मी चौसष्ट वर्षे वागवते आहे, आणि नोकरीची सगळी वर्षे कोकणातल्या एका नगरपरिषदेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर, म्हणजे लोकांच्या मुलांची नावे लिहिण्यातच गेली. तेव्हा या बाबतीत मला गप्प बसवत नाही. पत्र लांबणार आहे. कात्री लावायचीच झाली तर माझ्या घरच्या गोष्टींना लावा, अमरकोशाला नको.

आधी वीज कुठून आली ते सांगते. अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या शब्दकोशात, विजेच्या नावांची एक ओळ आहे: शम्पा, शतह्रदा, ह्रादिनी, ऐरावती, क्षणप्रभा. त्यात आहे ती ‘ऐरावती’. ‘इरावती’ तिथे नाही. कुणी तरी घाईत दोन मात्रा खाल्ल्या, पुढच्याने त्यावरून उतरवून घेतले, आणि आता मोबाइलवर कुठलीही यादी उघडा, इरावती कडाडतच असते. आपल्या चौकटीनेही तेच उतरवले असणार.

‘इरा’चा अर्थ अमरकोशातच अर्ध्या ओळीत मिळतो: ‘इरा भूवाक्सुराप्सु स्यात्’. भू म्हणजे जमीन, वाक् म्हणजे वाणी, सुरा म्हणजे दारू आणि अप् म्हणजे पाणी. माझे वडील हायस्कुलात संस्कृत शिकवत. पाहुण्यांपुढे हे चरण म्हणून दाखवायची त्यांना हौस होती, पण अर्थ सांगताना तिसरा ते सफाईने गिळत. तो पुढे माझा मलाच सापडला. जुन्या वाङ्मयात इरा म्हणजे पाणी, पिण्याजोगा रस, पोटाला आधार देणारे अन्नपाणी. गुणवती, रूपवती यांत जी ‘वती’ आहे तीच इथेही. अन्नपाणी जिच्यापाशी मुबलक आहे, ती इरावती. कोकणातल्या माणसाला यापेक्षा मोठा आशीर्वाद कुठला असतो?

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात विष्णूच्या सूक्तात वसिष्ठांचा मंत्र आहे: ‘इरावती धेनुमती हि भूतम्’. इथे इरावती बाईही नाही आणि नदीही नाही. आकाश आणि पृथ्वी या दोघींना उद्देशून म्हटले आहे की माणसासाठी तुम्ही अन्नपाण्याने भरलेल्या व्हा, गाईगुरांनी भरलेल्या व्हा. पुढचा शब्द ‘सूयवसिनी’ आहे, म्हणजे चांगला चारा असलेल्या. शब्द आधी विशेषण म्हणून वापरात होता, नाव मागून झाले.

नदी झाली ती पंजाबात. आजची रावी म्हणजे जुनी इरावती. वेदांत तिला परुष्णी म्हणत. दाशराज्ञ युद्ध, म्हणजे ऋग्वेदातली दहा राजांची लढाई, तिच्याच काठी झाले. यास्काने निरुक्तात, म्हणजे वेदांतल्या शब्दांची फोड करणाऱ्या आपल्या ग्रंथात, स्पष्ट नोंदवून ठेवले आहे: ‘इरावतीं परुष्णीत्याहुः’. पुढे ग्रीकांनी तिचे हायड्रओटीस केले आणि लोकांच्या तोंडी झिजून झिजून रावी उरली. हिमाचलात उगवून चंब्यावरून लाहोरकडे जाणारी ही नदी. १९२९ च्या डिसेंबरात पूर्ण स्वराज्याचा ठराव हिच्याच काठी झाला. तेव्हा ‘मूळ ब्रह्मदेशी’ म्हणणाऱ्याने निदान पंजाबचा नकाशा तरी उघडायला हवा होता.

ऐरावत हाही याच घरातला. इरावान म्हणजे पाण्याने भरलेला, तो समुद्र. त्यातून निघाला तो ऐरावत. वाल्मीकि रामायणाच्या अरण्यकांडात तर ऐरावताच्या आईचेच नाव इरावती आहे. माझ्या वर्गातल्या मुलांना यातले काही ठाऊक नसूनही नाते त्यांनी अचूक जुळवले होते. मी अंगाने थोराड. पाचवीपासून मला ‘ऐरावत’च म्हणत. भूगोलात ब्रह्मदेशाचा धडा आला की फळ्यावर तांदूळ, सागवान, इरावती असे तीन शब्द लिहिले जात आणि तिसऱ्या शब्दाला सगळा वर्ग मागे वळून बघे.

या नावाच्या बायका वाङ्मयात फार नाहीत, पण ज्या आहेत त्या लक्षात राहण्याजोग्या आहेत. भागवताच्या पहिल्या स्कंधात परीक्षिताची राणी इरावती आहे; उत्तराची मुलगी, जनमेजयाची आई. (महाभारतात परीक्षिताच्या राणीचे नाव माद्रवती दिले आहे, ते वेगळे.) उत्तर म्हणजे विराटाचा तो बढाईखोर राजपुत्र, आणि त्याची बहीण उत्तरा ही परीक्षिताची आई. म्हणजे परीक्षिताने मामाची मुलगी केली. महाराष्ट्रात कितीतरी जातींत हे लग्न आजही सर्रास होते, उत्तरेकडे ऐकूनच कानावर हात ठेवतात. आणि हाच फरक ज्यांनी १९५३ सालच्या आपल्या ग्रंथात भारतभरची नाती तपासताना मांडून दाखवला, त्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंचे नावही इरावतीच: इरावती कर्वे. मला या योगायोगाची फार गंमत वाटते.

दुसरी कालिदासाची. ‘मालविकाग्निमित्रा’त अग्निमित्राची धाकटी राणी इरावती तिसऱ्या अंकात मद्य घेऊन झोकांड्या खात बागेत येते. झोपाळ्यावर बसायचे ठरलेले असते. तिथे राजा मालविकेशी गुलूगुलू बोलताना दिसतो. ही बाई रडत बसत नाही. कमरेची मेखला काढून राजावरच उगारते. राजा पाया पडतो तरी ती ऐकत नाही, चालू लागते. संस्कृत नाटकातल्या राण्यांत एवढी तिखट बाई क्वचित भेटते. इरेचा ‘सुरा’ हा अर्थ कालिदासाच्या मनात नसेल असे मला तरी वाटत नाही. वडिलांनी तिसरा अर्थ का गिळला असेल ते हा अंक वाचताना उमगले.

आता ब्रह्मदेश. तिथली नदी सुमारे २,१७० किलोमीटरची, उत्तरेच्या कचिन डोंगरातून निघून मंडाले, म्यिंज्यान, बागान करत खालच्या भातखाचरांत पसरणारी. तिचे नाव संस्कृत-पालीच्या वाटेने तिकडे गेले असे सर्वसाधारणपणे मानतात. आपला ऐरावतही त्याच वाटेने पूर्वेला गेला. थायलंडमध्ये त्याला एरावान म्हणतात आणि तीन तोंडांचा दाखवतात. म्हणजे ब्रह्मदेश हे नावाचे मूळ नव्हे, मुक्काम म्हणा.

त्या मुक्कामाशी कोकणचा संबंध मात्र जुना आणि खरा आहे. आमच्या रत्नागिरीत थिबा राजवाडा आहे. १८८५ च्या अखेरीस इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला मंडालेहून उचलले, बोटीत घालून इरावतीतून खाली रंगूनला नेले, तिथून मद्रास आणि १८८६ मध्ये रत्नागिरी. राजवाडा बांधून पुरा व्हायला १९१० उजाडले. सहा वर्षांनी राजा इथेच वारला. त्याची नात टूटू इथेच मराठी बोलत म्हातारी झाली. उलट दिशेने रत्नागिरीत जन्मलेले टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात. पण हे सगळ्यांना पाठ आहे, त्यात शिरत नाही.

माझे आजोबा राजे नव्हते आणि पुढारीही नव्हते. ते इरावती फ्लोटिला कंपनीत हिशेबनीस होते. भरभराटीच्या काळात या कंपनीच्या सहाशेहून जास्त बोटी त्या नदीवर चालत. आजोबा सांगत की पाऊस ओसरला की नदी रोज वाट बदलते. काल जिथे बोट गेली तिथे आज वाळू वर आलेली असते. म्हणून बोटीच्या नाळेवर दोन्ही बाजूंना एकेक खलाशी उभा. हातात पट्टे रंगवलेला लांब बांबू. तो पाण्यात खुपसायचा, पट्टा बघायचा आणि आकडा ओरडून सांगायचा. पुन्हा खुपसायचा, पुन्हा ओरडायचा. दिवसभर हे सूर ऐकत आजोबा हिशेब लिहीत. म्हातारपणी अंगणात बसून काठीने ते करून दाखवत, आकडे सुरात ओरडत, आणि आजी आतून म्हणे, “पुरे झालं तुमचं पाणी मोजणं.” १९४१ च्या डिसेंबरात रंगूनवर जपानी बाँब पडले आणि आजोबा मिळेल त्या वाटेने निघून घरी आले. मागे कंपनीने जपान्यांच्या हाती लागू नयेत म्हणून आपल्याच बोटी नदीत बुडवल्या. हे त्यांना इथे आल्यावर कळले. माझ्या बारशाला आत्याने ‘सुनंदा’ ठरवून आणले होते. आजोबांनी ओटीवरून सांगितले, “इरावती ठेवा.” आत्या रुसली, पण कानात ‘कुर्रर्र’ करून तेच म्हणाली.

तरी शाळेत नवीन बाई आल्या की पहिला प्रश्न एकच: “कर्वेबाईंवरून ठेवलंय का गं?” तो प्रश्नही अगदीच चुकीचा नव्हता. मराठी घरांत हे नाव माहीत झाले ते त्यांच्यामुळेच. इरावती कर्वे यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, ब्रह्मदेशातल्या म्यिंज्यानचा. वडील गणेश हरी करमरकर तिथे कापसाच्या कंपनीत होते. गाव नदीकाठी, म्हणून मुलीला नदीचे नाव. सातव्या वर्षी त्यांना पुण्यात हुजूरपागेत पाठवले. पुढे बर्लिनची डॉक्टरेट, १९३९ पासून डेक्कन कॉलेज, ‘युगान्त’ला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार. पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालवणारी बाई म्हणूनही लोक त्यांना ओळखत. एवढी मोठी बाई होऊन गेली, तरी तिचे नाव घरोघर झाले नाही. आजच्या पिढीला इरावती म्हटले की फार तर अभिनेत्री इरावती हर्षे आठवतील, की संपले.

का झाले नाही, याचा विचार मी नोंदवहीपुढे बसून पुष्कळ केला आहे. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचे खाते दरवर्षी नावांची मोजदाद जाहीर करते. आपल्याकडे तसे काही निघत नाही. त्यामुळे कुठले नाव ‘ट्रेंडमध्ये’ आहे हे छातीठोक सांगायला पुरवणीवाल्यांकडे आधार कुठला, हा माझा साधा प्रश्न आहे. माझा आधार नोंदवह्यांचा. माझ्या वयाच्या बायकांत सुनीता, अनिता, संगीता, कविता. जुन्या वह्या उघडल्या की पुढे अश्विनी, रोहिणी, स्वाती. मग पूजा, प्रियांका, कोमल. २००० नंतर साक्षी, श्रावणी, समृद्धी, वैष्णवी. माझ्या निवृत्तीच्या सुमारास मात्र आईबाप मोबाइल हातात धरूनच खिडकीशी येत. “मॅडम, युनिक आहे ना हे?” मी म्हणे, याच महिन्यात हे चौथे. मग नवरा-बायको बाजूला जाऊन कुजबुजत आणि उद्या येतो म्हणून जात. त्या सगळ्या वह्यांत ‘इरावती’ इतकी क्वचित, की लिहिताना माझी पेनची पकड बदले. समोरच्या बाईला मी दोनदा विचारे, नक्की ना?

एक कारण पंचांगात आहे. हल्ली गुरुजी नक्षत्राच्या चरणावरून अक्षर काढून देतात आणि लोक त्याच अक्षराचे नाव ठेवतात. सत्तावीस नक्षत्रांचे चरण एकशे आठ. त्यात ‘इ’ हे अक्षर एकाच चरणाला येते, कृत्तिकेच्या दुसऱ्या. म्हणजे मुलीने त्या तेवढ्या वेळात जन्म घ्यायचा, आणि मग ईशा, ईश्वरी, इंदिरा यांना मागे सारून इरावतीने पुढे यायचे. पूर्वी असे नव्हते. पत्रिकेतले नाव पत्रिकेत राही, हाकेचे नाव वेगळे. आमच्या आजीचे राशीचे नाव तिला स्वतःलाही आठवत नसे.

दुसरे कारण शास्त्रात आहे म्हणावे, तर ते शास्त्र आपण कधी पाळले हा प्रश्नच आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात नक्षत्र, झाड आणि नदी यांची नावे असलेली मुलगी बायको म्हणून करू नये असे सांगितले आहे. पारस्कर गृह्यसूत्र म्हणते, मुलीचे नाव विषम अक्षरांचे आणि शेवटी ‘आ’ असलेले हवे. इरावती चार अक्षरांची, शेवटी ‘ई’, वर नदी. तिन्ही विषयांत नापास. पण मग गोदावरी आणि भागीरथीही तशाच नापास, आणि त्या तर आजीच्या पिढीत घरोघर होत्या. गंगा, यमुना, कृष्णा, नर्मदा, कावेरी, रोहिणी, रेवती, तुळसा, चंपा. मनूच्या यादीतले काही म्हणून आपल्या बायकांनी सोडले नाही. त्यामुळे शास्त्राला दोष देता येत नाही.

खरी गोम लग्नात आहे. नदीची नावे माहेरी ठेवली जात आणि सासरी पुसली जात. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना. महर्षी कर्व्यांनी १८९३ साली पुनर्विवाह केला त्या गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. म्हणजे समाजसुधारकांच्या घरांतसुद्धा नदी उंबऱ्यापाशी ठेवूनच बाई आत आली. त्याच गोदूबाईंच्या घरात पुढे सून म्हणून इरावती आली आणि तिचे नाव कुणी बदलले नाही. सुनेने नदी टिकवली, असे मी माझ्यापुरते मोजते. गंमत अशी की ‘परिपूर्ती’ या त्यांच्याच लेखात लोक त्यांची ओळख अमक्याची सून, तमक्याची बायको अशी करून देतात, आणि शेवटी रस्त्यावरची पोरे ‘कर्व्याची आई’ म्हणतात. नाव असे टिकले, तरी हाक मारायला ते कुणाला लागतच नव्हते.

माझ्या लग्नात ताम्हनात तांदूळ पसरून झाले होते. नवऱ्याच्या हातात अंगठी. सासूबाईंनी ‘वैशाली’ ठरवले होते. दोन नणंदांनी पसंती दिलेली. नवरा माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, “काय लिहू?” मी म्हटले, “आहे तेच.” त्याने लिहिले. तांदळात चार अक्षरे मावेनात, ‘ती’ ताम्हनाच्या काठावर गेली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण पुढे जन्मभर त्यांनी मला ‘इरा’च म्हटले. राजापूरकडच्या त्या, एवढे लांब नाव हाक मारायला त्यांना परवडत नसे. म्हणजे आज जी ‘इरा’ पुण्या-मुंबईत दर सोसायटीत सापडते, ती आमच्या परसात चाळीस वर्षांपूर्वीच म्हशीच्या धारेच्या वेळी हाकारली जात होती.

आपल्या चौकटीचे ‘ट्रेंडमध्ये’ हे त्या इरेला लागू पडते, इरावतीला नाही. इरा खपते कारण दोन अक्षरी आहे आणि ‘बाहेर चालते’ असे आईबापांना वाटते. बाहेर कशी चालते ते परदेशी गेलेल्यांनी सांगावे. अमेरिकेत इरा हे पुरुषाचे नाव आहे, बायबलमधले, हिब्रू. रशियात इरिनाचे लाडाचे रूप. हरकत काहीच नाही. फक्त इरावतीचा वरचा अर्धा भाग कापून घेतला की नदी गेली, परीक्षिताची राणी गेली आणि मेखला उगारणारीही गेली, हे ठेवणाऱ्याला माहीत असावे.

चूक आपण दुरुस्त कराल अशी आशा आहे. छापायची असेल तर एवढी ओळ पुरे: ‘इरावती – अन्नपाण्याने समृद्ध; रावीचे जुने नाव, ब्रह्मदेशातल्या मोठ्या नदीचेही; क्वचित आढळते.’ आणि एक विनंती. नावापुढे एका शब्दाचा अर्थ ठोकण्यापेक्षा ते नाव कुठे सापडते ते द्या. अर्थ वाचून नाव ठेवणाऱ्याला पुढे मुलीने विचारले, तर सांगायला चार गोष्टी हव्यात. याच चौकटीत ‘लोपामुद्रा’पुढे आपण ‘सुंदर’ एवढेच छापले आहे. ऋग्वेदात सूक्तात बोलणारी, नवऱ्याला त्याच्या तपाबद्दल सुनावणारी बाई ती, आणि तिच्या वाट्याला एक ‘सुंदर’.

आमच्या शेजारच्या सुनेला गेल्या महिन्यात मुलगी झाली. आपली चौकट वाचून ती माझ्याकडे आली आणि इरावती ठेवू का म्हणाली. मी तिला नावाबद्दल काही आग्रह केला नाही, टेबलावरचे सांगितले. जन्माची नोंद एकवीस दिवसांत कर, पण नावाचा रकाना रिकामा राहिला तरी बिघडत नाही. वर्षभरात नाव विनाशुल्क घालता येते, त्यानंतरही विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. तेव्हा सासू, जाऊ आणि मोबाइल यांच्या घाईला बळी पडू नकोस. ‘इ’ ऱ्हस्व लिही. आणि रोमन अक्षरे एकदाच, सगळ्यांनी बसून ठरवा, कारण १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळेपासून मतदार यादीपर्यंत सगळीकडे जन्माचा दाखलाच लागतो. माझ्या नावात कुठे ‘व्ही’ आहे, कुठे ‘डब्ल्यू’. कर्वेबाई डब्ल्यू लिहीत म्हणून वडिलांनी शाळेत डब्ल्यू लावला, नोकरीत व्ही झाला, आणि निवृत्तिवेतनाच्या वेळी या दोन बायका एकच आहेत हे सिद्ध करायला मला प्रतिज्ञापत्र करावे लागले. आयुष्यभर दुसऱ्यांची स्पेलिंगे दुरुस्त केलेल्या बाईला! तिने विचारले, मग कुठला घेऊ? मी म्हटले, व्ही घे. फॉर्मवरच्या त्या एवढ्याशा चौकोनात डब्ल्यू मावत नाही.

आपली नम्र,
इरावती
रत्नागिरी
(पूर्ण नाव व पत्ता आपल्याकडे दिला आहे, छापू नये.)